लहरींचे गायरान

खेडेगावातील जमिनीचे दोन प्रकार प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असतात. एक सातबाऱ्यावर नाव असलेली, दुसरी गायरानाची. पहिलीत मालकाच्या संमतीवाचून पाऊल टाकता येत नाही. दुसरीत कोणाचेही गुरू चरू शकते. आकाशातील नभोलहरींचीही अशीच वाटणी झालेली आहे. काही लहरपट्टे लिलावात कंपन्यांनी विकत घेतलेले, काही सर्वांसाठी मोकळे. घरातील बिनतारी जाळे, म्हणजे वायफाय, या गायरानावर वाढले. शहरासाठी योजलेले बिनतारी जाळे, म्हणजे वायमॅक्स, मुख्यतः मालकीच्या जमिनीवर उभे राहावयाचे होते. आज पहिले घरोघर पोहोचले आहे आणि दुसऱ्याचे नावही विस्मरणात गेले आहे. असे का झाले, याचा विचार केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही. तो अर्थकारणाचा प्रश्न आहे.

1985 साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 2.4 गिगाहर्ट्झसह काही लहरपट्टे विनापरवाना वापरास खुले केले. हे पट्टे त्या काळी जवळजवळ टाकाऊ समजले जात. अन्न तापविण्याच्या मायक्रोवेव्ह भट्ट्या त्यांपैकीच एका पट्ट्यात चालतात. याच पडीक रानात 1997 साली 802.11 हे मानक निश्चित झाले. त्याचा वेग सेकंदाला अवघा 2 मेगाबिट होता. 1999 च्या सुधारणेने तो 11 वर गेला. त्याच सुमारास 'होमआरएफ' नावाचे दुसरे मानक खास घरांसाठी पुढे आले होते. परंतु कचेरीत, महाविद्यालयात आणि घरात एकच यंत्र चालावे ही ग्राहकाची गरज वायफायने भागविली आणि 2003 च्या प्रारंभी होमआरएफचा संघ विसर्जित झाला. एका कंपनीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलू शकते याची चाचणीपूर्वक हमी मिळाली, म्हणून उत्पादन वाढले. उत्पादन वाढले म्हणून किंमत उतरली. आणि किंमत उतरली म्हणून मागणी वाढली. बाजारपेठेचे हे चक्र एकदा फिरू लागले, की त्यापुढे तांत्रिक सरसपणाचेही फारसे चालत नाही.

तांत्रिक दृष्टीने वायमॅक्स उणे नव्हते. वायफायची रीत चावडीवरील गप्पांसारखी आहे: आधी कानोसा घ्यावयाचा, कोणी बोलत नसेल तरच बोलावयाचे. चार माणसांत हे जमते. चारशे माणसांत गोंगाट होतो. वायमॅक्सची रीत कालव्याच्या पाटकऱ्यासारखी. मनोऱ्यावरील केंद्र प्रत्येकाची पाळी ठरवून देते आणि तेवढाच वेळ त्याचे दार उघडते. मैलोन्‌मैल पसरलेल्या वस्तीस ही शिस्त आवश्यकच होती. 2005 च्या अखेरीस फिरत्या वाहनातही चालणारी वायमॅक्सची आवृत्ती संमत झाली आणि इंटेलसारखी बलाढ्य कंपनी तिच्या पाठीशी होती. परंतु जगभरच्या दूरध्वनी कंपन्यांनी आपल्या जुन्या जाळ्यांशी नाते सांगणारे एलटीई हे तंत्र पसंत केले. भारतात 2010 साली बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरपट्ट्यांचा लिलाव होऊन सरकारी तिजोरीत सुमारे 38,500 कोटी रुपये आले. त्या पट्ट्यांवर वायमॅक्सची जाळी उभी राहतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात 2012 साली कोलकात्यात जी सेवा सुरू झाली ती एलटीईची. अमेरिकेतील स्प्रिंट कंपनीने 2016 साली आपले वायमॅक्स जाळे बंद केले. मोठी गुंतवणूक, मोजके खरेदीदार आणि महाग उपकरणे या कोंडीतून हे मानक बाहेर पडलेच नाही.

मग शहरांनी घरगुती मानकच रस्त्यावर आणण्याचा उपाय करून पाहिला. फिलाडेल्फियाने सबंध शहर वायफायखाली आणण्याचा घाट घातला. 2008 साली कंत्राटदार अर्थलिंक कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. मुंबईत 2017 च्या जानेवारीत 500 ठिकाणी सरकारी वायफाय सुरू झाले. गूगलने रेलटेलच्या साहाय्याने भारतातील चारशेहून अधिक रेल्वे स्थानकांवर फुकट सेवा दिली आणि 2020 साली, मोबाईलवरील डेटा स्वस्त झाल्याचे कारण सांगून, ती आवरती घेण्याचे जाहीर केले. खांबावर पेटी बसविणे हा खर्चाचा लहान भाग. त्या पेटीपर्यंत तार नेणे, वीज देणे आणि बिघडलेली पेटी वर्षानुवर्षे दुरुस्त करीत राहणे हा मोठा. उद्घाटनास मंत्री मिळतात, देखभालीस तरतूद मिळत नाही. नळयोजनांचा जो अनुभव, तोच येथे.

या अपयशावरून 'मोबाईल आहे, मग सार्वजनिक वायफाय हवे कशाला?' असा निष्कर्ष काढणे सोयीचे आहे. परंतु 2024 च्या जुलैमध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी जवळजवळ एकाच वेळी दर वाढविले, तेव्हा त्या स्वस्ताईचा पाया किती ठिसूळ आहे हे दिसून आले. 2010 साली या व्यवसायात दहाहून अधिक स्पर्धक होते. ज्या कुटुंबात एकच फोन आणि तीन शिकणारी मुले आहेत, त्याला दरवाढ म्हणजे अभ्यासातील कपात ठरते. अशा घरासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात अल्प दरात मिळणारी जोडणी ही चैन नव्हे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेने किराणा दुकानदारास अशी जोडणी विनापरवाना विकण्याची मुभा दिली. कल्पना योग्य होती. मात्र 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे जे राष्ट्रीय लक्ष्य होते, त्याचा अल्पांशही गाठला गेला नाही. कारण दुकानदारास घाऊक जोडणी परवडेल अशा दरात मिळालीच नाही.

आता खरा वाद 6 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा आहे. अमेरिकेने 2020 साली त्यातील 1200 मेगाहर्ट्झ मोकळे केले, युरोपने 2021 साली 480. भारत सरकारने 2025 च्या मे महिन्यात खालचे 500 मेगाहर्ट्झ खुले करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. वरच्या भागावर मोबाईल कंपन्यांचा डोळा आहे. त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. रोनाल्ड कोज या अर्थशास्त्रज्ञाने 1959 सालीच दाखवून दिले होते की, दुर्मिळ लहरींची किंमत ठरविण्यास बाजार हा सरकारी मर्जीपेक्षा बरा. गर्दीच्या शहरात मोबाईल सेवेस अधिक जागा हवी, हेही खरे. परंतु कोजचा युक्तिवाद जेथे एकाच्या वापराने दुसऱ्याची अडचण होते तेथे लागू पडतो. अल्पशक्तीच्या लहरी भिंतीपलीकडे क्षीण होतात. तोच पट्टा शेजारच्या घरात पुन्हा वापरता येतो. आणि सामायिक मालमत्ता उजाडच होते असे नाही, नियम असले की ती टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवून दिले. त्या कार्याबद्दल त्यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. सार्वजनिक म्हणजे केवळ सरकारने विकावयाची नव्हे. लिलावाचा आकडा अर्थसंकल्पात दिसतो. मोकळ्या पट्ट्यातून दवाखान्यास, शाळेस आणि दुकानदारास होणारा लाभ कोणत्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून त्याची किंमत शून्य धरणे हा हिशेबातील दोष होय. वरच्या पट्ट्याचा लिलाव पुकारण्यापूर्वी सरकारने हा हिशेब प्रथम जनतेपुढे मांडावा, आणि महापालिकांनी पेट्या मोजण्याऐवजी तारांसाठी सामायिक नळ्या आणि देखभालीसाठी कायम तरतूद करावी. गायरान एकदा विकले गेले की परत मिळत नाही, हे ज्या महाराष्ट्राने गावोगाव पाहिले आहे, त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.