दयेची पोळी आणि माळावरचे खोकड

जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा मोसंबीचा मळा आहे. मळ्याच्या बांधापलीकडे गायरानाचा लांबट पट्टा पसरलेला आहे. खडकाळ, मुरमाड जमीन, कुसळी गवत आणि मधूनमधून बोरी-बाभळी. शासनाच्या कागदांत या जमिनीला पडीक म्हणतात, आणि आपणही तिला ओसाडच समजत आलो. परंतु माझ्या लहानपणी दिवेलागणीच्या वेळी त्या ओसाड माळावर एक चपळ, राखाडी रंगाचा, झुबकेदार शेपटीचा प्राणी हमखास दिसे. वडील म्हणत, ‘ते बघ खोकड.’

येथे एक खुलासा करावासा वाटतो. मुलांच्या गोष्टींत द्राक्षे आंबट म्हणणारा जो प्राणी आपण ‘कोल्हा’ म्हणून सांगतो, तो मुळात खोकडाचा भाऊबंद. आपला कोल्हा निराळा. तो अंगाने मोठा आणि रात्री कोल्हेकुई करणारा. खोकड अवघे दोन-तीन किलोंचे, शेपटीचे टोक काळे. नर-मादी जोडीने राहतात आणि अनेक तोंडांच्या बिळात पिले वाढवतात. उंदीर, टोळ, नाकतोडे, सरडे आणि हंगामात बोरे, हा त्यांचा आहार. शेतकऱ्याचे नुकसान करण्याऐवजी उंदीर खाऊन ते त्याचे काम हलकेच करते.

गेल्या माघात सकाळी मळ्यात गेलो असता बांधापलीकडे तीन कुत्रे जमीन उकरताना दिसले. मी ओरडलो, दगड उचलल्याचा आविर्भाव केला, तेव्हा ते सावकाश बाजूला झाले. बिळाच्या तोंडाशी दोन पिले पडली होती. कुत्र्यांनी ती खाल्लीही नव्हती. ते भुकेले नव्हतेच. त्यांच्या पोटात आमचेच अन्न होते.

‘आमचेच’ हा शब्द मी जाणून लिहितो आहे. आजीच्या काळापासून आमच्या घरी पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. तो नेम चांगला होता. दाराशी एक कुत्रे असे, त्याला एक पोळी मिळे. पुढे घरातील कार्यांचे आकार वाढले. पारण्याचे, लग्नाचे, वाढदिवसाचे उरलेले अन्न टाकवत नाही, म्हणून ते टेंपोत भरून गायरानाच्या कडेला मुक्या जीवांसाठी ठेवण्याची प्रथा आम्ही काही मंडळींनी सुरू केली. पुण्य लागेल अशीच भावना होती. चार कुत्र्यांची चौदा कधी झाली, हे कोणी मोजले नाही. त्या दोन पिलांकडे पाहताना मला तो टेंपो आठवला, आणि त्याचे भाडे दोनदा मीच दिले होते हेही आठवले.

मग या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. सोलापूरजवळच्या नान्नजचे नाव माळढोकामुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथील अभयारण्य १९७९ सालचे. याच माळावर अबी तमीम वनक या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह खोकड आणि मोकाट कुत्रे यांचा अभ्यास केला. २००९ व २०१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष आपल्या मराठवाड्यालाही तंतोतंत लागू पडतील असे वाटते, कारण माळ तोच आणि गावेही तशीच. तेथील कुत्र्यांचे अन्न मुख्यतः माणसाकडून आलेले, तर खोकडाचे उंदीर-किड्यांचे. म्हणजे दोघांत घासासाठी भांडण नाही. तरीही कुत्र्यांचा वावर असेल तेथे जाणे खोकड टाळते, आणि समोर अन्न असले तरी कुत्रा जवळ आहे म्हटल्यावर त्याचे खाणे अर्ध्यावर राहते. जीव घेतला नाही तरी जागा हिरावली जाते. भीतीने उपाशी राहणे हीसुद्धा पीडाच होय.

याहून मोठे संकट डोळ्यांना दिसत नाही. त्याच परिसरातील गावकुत्र्यांच्या रक्ततपासणीत बहुतेकांना पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंची बाधा होऊन गेल्याचे आढळले. कुत्र्यांत हे रोग सतत फिरत राहतात आणि खोकड, लांडगा, कोल्हा यांच्यात शिरतात. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्या वेळी डिस्टेंपरचे नाव वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचले होते. सिंहांसाठी लस मागवली गेली. खोकडासाठी कोण मागवणार? पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावा २०२३ साली जनुकीय तपासणीतून पुढे आला आहे. लांडगा मारला गेला नाही तरी त्याचे लांडगेपण हळूहळू पुसले जाऊ शकते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे एक कोटी त्रेपन्न लाख मोकाट कुत्रे आहेत. संशोधकांनी देशभरातील नोंदी व बातम्या एकत्र केल्या, तेव्हा कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्य प्राण्यांच्या ऐंशी जाती निघाल्या. आपल्याकडील हरणांचे तर सांगायलाच नको. उन्हाळ्यात पाण्यासाठी वस्तीजवळ आलेल्या काळविटामागे कुत्रे लागल्याची बातमी मराठवाड्यातील वाचकाला नवी नाही.

या वाढीत केवळ पोळ्यांचाच दोष आहे असे नव्हे. पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडे तासाभरात ते साफ करीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांचा जवळजवळ निःपात झाला. ते औषध जनावरांसाठी २००६ साली बंद झाले, पण तोवर मांसाचे ढीग कुत्र्यांच्या वाट्याला आले होते. गिधाडे गेल्यामुळे देशात किमान पंचावन्न लाख कुत्रे वाढले असावेत, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. एक कडी निखळली की साखळी कशी सुटते, हे यावरून ध्यानी यावे.

मांजराविषयीही बोलले पाहिजे, कारण ते आपल्या माजघरातले. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृह उभे राहिले आणि माणसांबरोबर मांजर आले. त्या बेटावर जमिनीवरून धावणारा एक चिमुकला पक्षी होता. थोड्याच काळात ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. ऑस्ट्रेलियात युरोपीय लोकांनी मांजरे नेली, आणि शिकारीची हौस भागवण्यासाठी तांबडे खोकडही नेऊन सोडले. गेल्या सव्वादोनशे वर्षांत त्या खंडातील तीसहून अधिक सस्तन जाती नष्ट झाल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या विनाशात या दोघांचा हात मानला जातो. तेथे मांजरे दरवर्षी सदतीस कोटींहून अधिक पक्षी मारतात, असा संशोधकांचा हिशेब आहे. गंमत अशी की तेथे ज्या कुळातला प्राणी भक्षक ठरला, त्याच कुळातला आपला खोकड येथे भक्ष्य ठरतो आहे. जो जीव ज्या भूमीचा नव्हे, तेथे त्याला सोडणाऱ्या हाताकडे बोट जाते.

ऑस्ट्रेलियात आता विषारी आमिषे टाकून मांजरे व खोकडे मारतात. तो मार्ग आपला नव्हे, आणि त्याची चर्चाही मला येथे करावयाची नाही. परंतु मारणार नाही एवढे म्हणून आपण मोकळे होतो का? आपल्या आचार्यांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे, हे पाहून मी चकित झालो. ‘कार्तिकेयानुप्रेक्षे’त मांजर इत्यादी हिंस्र प्राणी पाळणे हे अनर्थदंडात गणले आहे. श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त पंधरा कर्मादानांपैकी ‘असतीपोषण’ सांगताना मांजर, कुत्रा यांच्या पोषणाचा उल्लेख येतो. तेथे संदर्भ द्रव्यार्जनाचा आहे, हे खरे. दोन्ही ठिकाणी प्राण्याचा तिरस्कार नाही. पोसणाऱ्याने पोसलेल्याच्या हिंसेचाही हिशेब ठेवावा, एवढेच म्हणणे दिसते. हे ग्रंथ आपल्या कपाटांत आहेत, पण त्या ओळीवर थांबून व्याख्यान झाल्याचे मला स्मरत नाही.

मळ्यात आम्ही काही बदल केले. टेंपो बंद झाला. उरलेले अन्न गोठ्यातील खड्ड्यात खत होते, आणि मुळात आचाऱ्याला पाने मोजून सांगू लागलो. राखणीच्या दोन कुत्र्यांना रेबीज व डिस्टेंपरची लस दिली. ती रात्री आवारातच असतात आणि त्यांचे खाणे त्यांच्या ताटलीत, आमच्यासमोर होते. घरची मांजर चैत्र-वैशाखात, टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात त्या काळात, सकाळ-संध्याकाळ घरात राहते. पहिले आठ दिवस तिने घर डोक्यावर घेतले.

निर्बीजीकरणाचा प्रश्न मात्र घरात सुटलेला नाही. २०२३ च्या नियमांनी ते काम स्थानिक संस्थांवर सोपवले आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही कुत्र्यांना निर्बीजीकरण व लसीकरण करून सोडावे आणि खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमाव्यात असे सांगितले. सूनबाई म्हणतात, ‘बाबा, चौदांची अठ्ठावीस होऊन उपासमारीने आणि खरजेने मरण्यापेक्षा हे बरे.’ आमच्या वडीलधाऱ्या काकांना मात्र एखाद्या जीवाच्या देहावर त्याच्या इच्छेविरुद्ध शस्त्र चालवणे पटत नाही. ते म्हणतात, ‘वेदना ती वेदना.’ मी दोघांचेही ऐकतो. माझा कल सूनबाईंकडे आहे. त्या दोन पिलांनाही वेदना झालीच होती. काकांनी यावर अजून उत्तर दिलेले नाही, पण गेल्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्री नेण्यासाठी गाडी हवी होती, तेव्हा किल्ली त्यांनीच काढून दिली.

बिळाची दोन तोंडे कुत्र्यांनी उकरली होती, तिसरे शाबूत आहे. कार्तिकात एकदा त्याच्यापुढच्या मऊ मातीत लहान पंजांचे ठसे दिसले. ते खोकडाचे की मांजराचे, हे मला ओळखता आले नाही. मांजराची नखे ठशात उमटत नाहीत म्हणतात, पण पहाटेच्या दवाने कडा विरघळल्या होत्या.