काका, आधी तुमचा कलप धुवा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो विनोद येतोच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरी तोंड धुऊन बाहेर येते आणि नवरा घाबरून विचारतो, "आपण कोण?" यंदा तो टाकला माझ्या एका काकांनी. खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काकांचं वय बहात्तर. त्यांचे केस मी आजवर कधी पांढरे पाहिलेले नाहीत. दर महिन्याला एका रविवारी ते बनियनवर बाल्कनीत बसतात आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने कलप लावतात. काकू मागून मानेवरचे ओघळ पुसते. यात कुणालाही फसवणूक दिसत नाही. म्हणतात, "नीटनेटकं राहायला आवडतं त्यांना."

मीही नीटनेटकीच राहते हो. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले, ते आज सोळा वर्षं मुक्कामाला आहेत. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी माझी सात मिनिटं त्यांच्यावर जातात. नवशिक्या बायका तपकिरी डागावर थेट कन्सीलर थापतात आणि मग चेहरा राखाडी दिसतो म्हणून रडतात. गडद रंगावर फिका लेप दिला की तो मेल्यासारखाच दिसणार. आधी नारिंगीकडे झुकणारा करेक्टर हवा, तोही डागापुरताच, अनामिकेने ठोकत, घासत नाही. मग कन्सीलर. त्यावर ओल्या स्पंजने फाउंडेशनचा पातळ हात आणि शेवटी चिमूटभर पावडर. या बाटल्यांत रंग म्हणून असतं काय, तर टिटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळं, तांबडं, काळं आयर्न ऑक्साइड. म्हणजे तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो, त्याची सख्खी भावंडं. शिवाय वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो, आणि तो उजेड अडवायला हीच आयर्न ऑक्साइडं कामी येतात. थोडक्यात, ज्याला काका 'थापाथापी' म्हणतात त्यात थोडं औषधही आहे.

पण औषधाची ढाल मला पुढे करायची नाही. औषध नसतं तरी मी लावलंच असतं.

कारण त्याआधी मी काय लावत होते ते सांगते. डाग नवे होते तेव्हा एका भाऊबीजेला ओवाळताना तीन जणींनी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "काहीतरी लाव गं." मी औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी मागितली नाही, एक ट्यूब काढून दिली. पंधरा दिवसांत गाल असे उजळले की त्याच तिघींनी नाव विचारून घेतलं. त्यात स्टिरॉइड होतं. दीड वर्ष लावलं. बंद केलं की चेहरा पेटायचा, म्हणून पुन्हा लावायचे. कातडी इतकी पातळ झाली की शिरा दिसायला लागल्या, चुलीसमोर... म्हणजे गॅससमोर उभं राहवेना. 2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइडांच्या मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली. कागदावर. मला त्या ट्यूबमधून सोडवलं एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी, आणि त्या काळात बाहेर पडायचं बळ दिलं कन्सीलरने. तो संध्याकाळी धुतला जातो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. काकांना विनोद त्याचाच सुचतो. त्या ट्यूबवर विनोद केलेला मी अजून ऐकलेला नाही.

दुसऱ्या बाजूला माझ्या मैत्रिणी. शिकलेल्या, वाचणाऱ्या, चळवळीत वाढलेल्या. त्या हसत नाहीत, हळहळतात. "तूसुद्धा? आहेस तशी स्वीकार ना स्वतःला." हे सांगणारीच्या गालावर बहुधा तीळही नसतो. मी स्वतःला कधीच स्वीकारलंय, बाई. न विचारता उपाय सुचवणाऱ्या जगाला सकाळी सातपासून स्वीकारायची माझी तयारी नाही, एवढंच. तो पपईचा गर, तो बटाट्याचा रस, "लिव्हर तपासून घे"! डाग उघडे ठेवले की बसमधली अनोळखी बाईसुद्धा डॉक्टर होते. समाजाची नजर बदलायला हवी हे कबूल, पण ती बदलेपर्यंत रोज माझाच गाल प्रयोगाला का?

न्यूयॉर्कमधल्या लिडिया ओलिरीला जन्मतः चेहऱ्यावर जांभळट लाल डाग होता. शिकलेली असून त्या डागापायी तिला नोकरी नाकारली गेली. तिने स्वतःच डाग झाकणारं क्रीम बनवलं आणि 1932 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. म्हणजे डाग झाकणाऱ्या या प्रसाधनामागे नवरा गटवायचा बेत नव्हता, पगाराची गरज होती.

माझं भांडण आहे ते पार्लरवाल्यांशी. सावळ्या नवरीला दोन शेड उजळ फाउंडेशन फासतात, मान वेगळी, तोंड वेगळं, फ्लॅश पडला की पिठात पडल्यासारखी. आणि वर म्हणतात, "ग्लो आला." ते डाग झाकणं नाही, माणूस पुसणं आहे. 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातलं 'फेअर' काढलं, पण पार्लरच्या खुर्चीतलं कुणी काढायचं?

आता जे लिहायला बसले ते. माझ्या भाचीला हनुवटीवर आणि ओठाच्या कोपऱ्यात कोड आहे. कोड संसर्गजन्य नाही, त्याचा महारोगाशी संबंध नाही, हे अजूनही सांगावं लागतं, म्हणून सांगते. गेल्या वर्षी एक स्थळ आलं. मुलगा बरा वाटला, तेव्हा दुसऱ्याच फोनवर तिने त्याला स्वच्छ सांगितलं. फोटोही पाठवला, काही न लावलेला. मग दोन्ही घरं हॉटेलात भेटली, तेव्हा ती ऑफिसला जाते तशीच, डाग झाकून आली. मुलाच्या आईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "मग लपवलंस कशाला?"

लपवलं नव्हतं. झाकलं होतं. ज्याला कळायला हवं त्याला सांगून झालं होतं, तोंडाने. हॉटेलातल्या वेटरला कळायची गरज नव्हती. ही बाई स्वतः पदर खांद्यावरून पुढे घेऊन बसली होती, तिचे यजमान काळ्याभोर केसांत. त्यांना कुणी विचारलं नाही. न सांगता लग्न लावणं ही फसवणूक आहे, आणि ती मेकअपशिवायही छान करता येते. मुलाचा पगार, दारू, आधीचा मोडलेला साखरपुडा, यांना कुठे कन्सीलर लागतो?

भाची म्हणाली, "काकू, मी त्यांना सांगितलंय." मुलगा मेनूकार्ड वाचत राहिला.

स्थळ तिथेच थांबलं. हे सगळं मी काकांच्या विनोदाखाली लिहिलं, याहून थोडक्यात, आणि कलपाचा उल्लेख करून. काकांनी ग्रुप सोडला. वडिलांचा फोन आला, मोठ्या माणसाशी असं बोलतात का. बोलतात.

परवा भाची राहायला आली होती. सकाळी उठल्याउठल्या, काहीही न लावता, खाली दही आणायला गेली. परत येऊन माझ्या ड्रेसिंग टेबलाशी रेंगाळली. "आत्या, तुझा कन्सीलर संपत आलाय. माझा देऊ शकत नाही, शेड वेगळी आहे."