क्रोध कोणासाठीं?

अन्याय डोळ्यांदेखत घडत असतां ज्यास संताप येत नाहीं, त्यास साधु म्हणावें कीं भेकड? ख्रिस्ती धर्मानें या प्रश्नाचें उत्तर दुसरा गाल पुढें करून कायमचें देऊन टाकलें आहे, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत दिसते. ही समजूत अपुरी तर आहेच, पण घातकही आहे. कारण मार खाणारास गप्प बसविण्याच्या कामीं मारणारांस ती फार सोयीची पडते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत येशू खुनाच्या निषेधावर थांबत नाहीं. भावावर रागावणाराही न्यायासनापुढें जबाबदार आहे, असें तो सांगतो. व्हॅटिकनच्या ग्रंथसंग्रहांतील चौथ्या शतकाच्या ग्रीक पोथींत हा निषेध बिनशर्त आहे. पुढील पुष्कळ पोथ्यांत मात्र ‘विनाकारण’ रागावणारा, अशी पुस्ती आढळते. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत ती पुस्ती कायम आहे. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत तिची रवानगी समासांत झाली. अशी पुस्ती मनुष्यास हवीशी कां वाटावी, हें कोर्टकचेऱ्यांत वावरलेल्यास सांगावयास नको. आपला राग विनाकारण आहे असें कबूल करणारा पक्षकार आम्हीं तरी अद्यापि पाहिला नाहीं. कारणाची सबब एकदां मान्य केली, कीं जगांतील सर्वच क्रोध न्याय्य ठरतो!

मग धर्म्य क्रोधाची कसोटी कोणती? ती येशूच्या वर्तनांतच सांपडते. मार्काच्या तिसऱ्या अध्यायांत, हात वाळलेला एक मनुष्य शब्बाथ दिवशीं सभास्थानांत आहे. त्यास बरें केल्यास येशूवर नियमभंगाचा आरोप आणतां येईल, म्हणून कांहीं मंडळी टपून बसली आहेत. येशू त्यांजकडे क्रोधानें पाहतो. आणि त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणाचें त्यास दुःख झालें, असेंही मार्क त्याच वाक्यांत नमूद करतो. शिवाय त्या क्रोधाचा शेवट शिवीगाळींत न होतां वाळलेला हात बरा होण्यांत झाला. यरुशलेमच्या मंदिरांत त्यानें सराफांचे चौरंग व पारवे विकणारांचीं आसनें उलथून टाकलीं. ज्यास कोकरूं परवडत नसे त्यानें पारवे अर्पावे, अशी सवलत मोशेच्या नियमशास्त्रांत होती. म्हणजे तो बाजार गरिबाच्या भक्तीवर चालला होता. उलटपक्षीं, त्याच येशूवर खोटे साक्षीदार उभे राहिले व त्याच्या तोंडावर लोक थुंकले, तेव्हां तो शांत राहिला. सारांश, परपीडेनें पेटणारा क्रोध निराळा आणि मानभंगानें पेटणारा निराळा. पहिल्याच्या पोटीं दुःख असतें, दुसऱ्याच्या पोटीं केवळ अहंकार.

एफेसकरांस लिहिलेल्या पत्रांत सूर्य मावळण्यापूर्वीं राग सोडण्याची आज्ञा आहे. आमच्या व्यापारी वाचकांस तिचें मर्म सहज कळेल. रोजमेळ सायंकाळीं मिटवावा लागतो. रागाची बाकी दुसऱ्या दिवसावर ओढली कीं तिजवर व्याज चढतें. आणि तें व्याज ऋणको न भरतां धनकोच भरीत असतो.

परंतु राग सोडावा म्हणजे दावाही सोडावा काय? मुळींच नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदी राजवटीच्या पोलिसांच्या ताब्यांत असतांना स्टीव्ह बिको यांचा १२ सप्टेंबर १९७७ रोजीं मृत्यु झाला. ती राजवट गेल्यावर आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालीं सत्य व सलोखा आयोग बसला. राजकीय हेतूनें केलेल्या गुन्ह्याची पूर्ण कबुली देणारास माफी, अशी त्याच्या कायद्यांत तरतूद होती. बिको यांच्या कुटुंबीयांनीं इतरांसह १९९६ मध्यें या तरतुदीस घटनात्मक न्यायालयांत आव्हान दिलें, व ते हरले. पुढें १९९९ मध्यें संबंधित पोलिसांचे माफीचे अर्ज नामंजूर झाले. तरीही २००३ मध्यें सरकारपक्षानें पुरावा अपुरा म्हणून खटला न भरण्याचें ठरविलें. आयोगानें दडलेलें पुष्कळ सत्य उजेडांत आणलें, हें निर्विवाद आहे. पण या कुटुंबास क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणास होता? त्यांनीं सूड मागितला नव्हता. न्यायासन मागितलें होतें. क्षमा ही ज्याच्यावर घाव पडला त्याची मिळकत आहे. तिचें दानपत्र तिऱ्हाइतानें परस्पर करून देणें कोणत्याही कायद्यांत बसत नाहीं, आणि आमच्या मतें धर्मांतही बसत नाहीं.

उपदेशकांस येशूचें क्रोधाविषयींचें वचन आठवतें; त्याच्या पाठोपाठची आज्ञा मात्र विसरली जाते. वेदीपाशीं अर्पण आणलें असतां, आपल्या भावाच्या मनांत आपणाविरुद्ध कांहीं आहे असें स्मरलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे पहिलें पाऊल कोणीं टाकावयाचें? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानें. तेव्हां पीडितास शांतीचे पाठ देण्यापूर्वीं, पीडा देणाराची पावलें त्याच्या दाराकडे वळलीं आहेत कीं नाहींत, एवढें प्रत्येकानें पाहावें. आणि तीं वळलीं नसतील, तर आपला उपदेश त्या दुसऱ्या घरीं घेऊन जावा.