जुनी धरणे, नवा मालक आणि विकास बँकेचे कर्ज

दक्षिण आर्मेनियातील स्यूनिक प्रांतात वोरोतान नदीवर स्पांदारियान, शाम्ब आणि तातेव ही जलविद्युत केंद्रे एकाखाली एक उभी आहेत. सोव्हिएत काळात बांधलेल्या या केंद्रांची एकत्रित क्षमता ४०४ मेगावॉट आहे. २०१५ साली कॉन्टूरग्लोबल या खासगी कंपनीने ती सुमारे १८ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे जागतिक बँक समूहातील आयएफसीने या प्रकल्पाला कर्ज दिले.

खासगी गुंतवणूक आली म्हणजे विकास झाला, असे अशा कर्जांचे समर्थन केले जाते. ते टिकत नाही. विक्रीच्या आदल्या दिवशी जितके मेगावॉट होते, तितकेच दुसऱ्या दिवशीही राहतात. बदलते ती मालकी. जलविद्युतेला इंधनखर्च नसतो, त्यामुळे तिच्या दरात व्याज, घसारा आणि मालकाचा परतावा यांचाच मोठा वाटा असतो. बांधकामाचा खर्च फिटलेले जुने केंद्र स्वस्त वीज देते ते यामुळेच. ते विकले की खरेदीची किंमत नव्याने भांडवल ठरते, आणि नियामकाने ती दरात धरली तर ग्राहक त्याच काँक्रीटचे पैसे दुसऱ्यांदा मोजतो. सरकारी तिजोरीत एकरकमी पैसा येतो हे खरे. पण मग तो वर्षानुवर्षे वीजबिलातून वसूल होत राहतो.

समर्थकांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे: यंत्रे जुनी झाली होती. तातेवला पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून उतरून पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. अशा चक्रात गाळाचे बारीक कण प्रत्येक वाटीच्या मधली धार खात जातात. धार बोथट झाली की तेवढ्याच पाण्यातून कमी वीज निघते. जनित्रांची वेटोळी आणि धरणांची दारेही काळाबरोबर थकतात. नूतनीकरण हवेच होते. त्यासाठी विक्री अटळ होती, हा निष्कर्ष मात्र चूक आहे. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सार्वजनिक विकास बँकेने केंद्रे सरकारी असतानाच त्यांच्या नूतनीकरणासाठी कर्ज देऊ केले होते.

खासगी कंपनीला विकास बँकेने छदामही देऊ नये, हा विरोधकांचा आग्रहही तितकाच एकांगी आहे. धरणाची सुरक्षितता, नदीतला किमान प्रवाह, गावकऱ्यांच्या तक्रारींची दखल या गोष्टी आयएफसीच्या निकषांत बसतात. नफ्यासाठी कर्ज देणारी बँक त्या स्वतःहून मागेलच असे नाही. विकास बँक बाजूला झाली, तर विक्री थांबेलच असेही नाही. अटी मात्र निघून जातील.

म्हणून योग्य धोरण असे: विकास बँकेचा पैसा दुरुस्तीला जावा, मालकी मिळवण्याच्या किमतीला नव्हे. प्रत्यक्ष काम पाहून हप्ते सुटावेत आणि दर ठरवणारा वीजखरेदी करार लोकांना वाचता यावा. पाण्याचे वेळापत्रकही कंपनीच्या हिशेबावर सोडता येत नाही. वोरोतानचे पाणी आर्पा नदीमार्गे सेवान सरोवराकडे वळवता यावे म्हणून खोदलेला बोगदा २००४ साली पूर्ण झाला. सरोवराची पातळी सावरणे हा त्यामागचा हेतू. टर्बाइनला लागणारे आणि सरोवराला लागणारे पाणी एकाच खोऱ्यातले आहे, तेव्हा कोणाला किती हे सार्वजनिक यंत्रणेनेच ठरवायला हवे.

मालक बदलला तरी या अटी टिकल्या पाहिजेत. २०२२ साली केकेआर या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने खुद्द कॉन्टूरग्लोबलच ताब्यात घेतली. अशा वेळी अटी कंपनीच्या नावावर नव्हे, केंद्राच्या परवान्यात लिहिलेल्या असाव्या लागतात.