बिऱ्हाड हलतं, पण रुजतं का?



दुर्गम भागात नेमणूक झाली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यांनी जायचं, की एकट्यानंच?" कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात हा प्रश्न फारच अवघड होतो. तिथे २५ गावं आहेत आणि त्यांना एकमेकांशी जोडणारा रस्ताच नाही. जायचं ते विमानानं. जड सामान येतं ते उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर, जहाजानं. त्यामुळे वर्षभराचा किराणा आधीच मागवून ठेवणारी घरं असतात. पाँड इनलेटसारख्या गावात नोव्हेंबरच्या मध्यापासून दोन महिन्यांहून जास्त काळ सूर्य उगवतच नाही.

पण थंडी, अंधार, किराणा यांची सोय लावता येते. खरी अडचण वेगळी आहे. दक्षिणेतून आलेले बरेच शिक्षक एकदोन वर्षांत परततात. मुलांना पुन्हा नव्या बाई, नवे सर. मग मुलं जीव लावायचंच सोडून देतात. त्यात इतिहास कडू. इनुइट मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं, त्यांची भाषा तोडली गेली. कॅनडा सरकारनं २००८ साली त्याबद्दल माफी मागितली. तिथल्या आजी-आजोबांना शाळेबद्दल शंका वाटली, तर त्यात नवल काय?

म्हणून मला वाटतं, शिक्षकाचं कुटुंब तिथे कसं राहतं, हाही अध्यापनाचाच भाग आहे. आपलं मूल त्याच शाळेत, त्याच बाकावर बसू द्या. शेजारणीला "कुयानामीक", म्हणजे धन्यवाद, म्हणायला शिका. गावजेवणाला जा; जे खाणार नसाल ते नम्रपणे नाकारा, पण नाक मुरडू नका. आणि एक लक्षात ठेवा: शिक्षकाला नोकरीसोबत घर मिळतं, गावातली कित्येक कुटुंबं मात्र दाटीवाटीनं राहतात.

कुणी म्हणेल, "दोन वर्षांसाठी एवढा खटाटोप कशाला?" आपल्यासाठी ती दोन वर्षं असतील हो, पण पहिलीतल्या मुलाचं तेच अख्खं शालेय आयुष्य असतं.

अर्थात, बाहेरचा शिक्षक कितीही रुजला तरी तो कायमचा उपाय नाही. बारावीपर्यंत इनुइट भाषेतूनही शिक्षण मिळावं, असं २००८ च्या कायद्यानं ठरवलं होतं. ती भाषा बोलणारे शिक्षक पुरेसे नाहीत, म्हणून २०२० मध्ये मुदत थेट २०३९ पर्यंत ढकलली. तेव्हा आपल्या वर्गातूनच उद्याचे शिक्षक तयार करणं, हे पाहुण्या शिक्षकाचं सगळ्यात मोठं काम.

आपल्याकडे भामरागडच्या माडिया मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको. अपडाऊन करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण राहायला धड घर नाही, दवाखाना लांब, अशा ठिकाणी कुटुंब आणा म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? आधी सोय द्या, मग जरूर जाब विचारा. आणि सोय असूनही गावात न राहणाऱ्यांनी मात्र स्वतःला एकदा विचारावं: मुलांनी आपल्याला जीव लावावा, असं आपण काय केलं?