बंद पाकीट, उघडी वही

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सुरतेला मामांकडे होतो. रिंग रोडच्या कापड बाजारात एका पेढीवर मामा हिशेब लिहितात. तेथे हिशेबाचा एक ओपन सोर्स प्रोग्राम चाळताना त्याच्या मराठी रूपात 'नावे' आणि 'जमा' हे शब्द एके ठिकाणी उलटे पडलेले दिसले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने याहून मोठी चूक ती कोणती? मी दोन ओळी सुधारल्या, सबंध फाइल झिप केली आणि ई-मेलला अटॅचमेंट म्हणून जोडून धाडून दिली. आठ दिवसांनी इंग्रजीत एका ओळीचे उत्तर आले : अटॅचमेंट नको, पॅच पत्रातच लिहा. घरी कानडी बोलणाऱ्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मला ते झोंबले. चूक त्यांची, दाखवणारा मी, आणि शिस्तही मलाच!

मामांनी ऐकून घेतले व वही पुढे ओढली. "चूक झाली म्हणून आपण अख्खी वही नवी लिहितो का रे? चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा लिहायचा, सही करायची. शेठजींनी तेवढीच जागा तपासायची."

पॅच म्हणजे नेमके हेच. काढायच्या ओळीपुढे उणे, घालायच्या ओळीपुढे अधिक, आणि जागा ओळखण्यापुरत्या मागच्या-पुढच्या चार ओळी. अशी दुरुस्ती मूळ फाइलीत आपोआप बसवणारा 'पॅच' नावाचा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सचे काम आजही मुख्यतः अशा पत्रांतूनच चालते, आणि तेथे अटॅचमेंट नको असा स्पष्ट नियम आहे. कारण साधे आहे. मजकूर पत्रातच असला की तपासणारा ज्या ओळीची शंका तिच्याच खाली शेरा लिहितो, आणि तो सर्वांना वाचता येतो. बंद पाकिटावर शेरा लिहायचा कोठे?

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. काही ई-मेल प्रोग्राम लांब ओळी मध्येच तोडतात, टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालतात, आणि मग पॅच बसत नाही. नवखा मुलगा अटॅचमेंटकडे वळतो तो आळसाने नव्हे, या भीतीने. त्यावर उपाय आहे. २००५ साली आलेल्या 'गिट'मधील 'सेंड-ईमेल' ही आज्ञा पॅच जशाचा तसा पत्रात घालते. हे आधी कोणी सांगितले असते तर!

शिवाय हा नियम म्हणजे वेदवाक्य नव्हे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना अटॅचमेंट चालते. नोंद बदलल्यावर जुनी जागा लवकर पुन्हा वापरात आणणारी 'हॉट' ही त्यातील मोठी सुधारणा पुण्याच्या पवन देवलसी यांची. ती २००८ च्या ८.३ आवृत्तीत आली. घरोघरी रीत वेगळी, पण प्रत्येक घरी रीत असतेच.

माझे म्हणणे एवढेच. आपले काम जो फुकट तपासणार आहे त्याचे श्रम वाचवणे हा कमीपणा नव्हे, सौजन्य आहे. परंतु दारावर नियम टांगणाऱ्यांनी तो समजावून सांगण्याचे सौजन्यही दाखवावे. लिनक्सच्या मार्गदर्शक लेखनाचे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश अनुवाद आहेत. मराठी-कानडी मुलांनी मात्र ते इंग्रजीतूनच उमजून घ्यायचे. आपल्या अंकाला दोन्ही भाषांचे विभाग आहेत. पुढच्या वर्षी दोन्हींत या विषयाचे एकेक पान का नसावे? मराठी पान लिहायला मी तयार आहे, कानडीसाठी मित्र हवा.

मी पॅच पुन्हा पाठवला, या वेळी पत्रातच. माझ्या ओळीखाली प्रश्न आला, "हे असेच का?" त्याखाली मी उत्तर लिहिले. 'नावे' आणि 'जमा' आता आपापल्या जागी आहेत.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य