जरा ॲडजस्ट करा की ओ!



आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात कानडी आणि मराठी माणसाचा सामाईक शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी 'ॲडजस्ट' म्हणेन. ते म्हणतात 'स्वल्प ॲडजस्ट माड्री', आपण म्हणतो 'जरा ॲडजस्ट करा की ओ'. शब्द तिसऱ्याचा, म्हणून भांडण नाही. पण हा शब्द आपल्याकडे फार लबाडीनं वापरला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. आज त्याबद्दलच लिहितोय. काहींना झोंबेल, झोंबू दे.

त्याचे सरळ उपयोग आहेत, ते मान्य. निपाणीहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येऊन टेकतो, 'मामा, ॲडजस्ट करा' म्हणतो. आपण सरकतो. स्कूटरचा ब्रेक ॲडजस्ट करतात, चष्म्याची काडी करतात, टेलर ब्लाऊजची बाही करतो. तिथं काही तक्रार नाही.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. आमच्यावेळी परीक्षेत फायनल अकाउंट्सचं गणित यायचं. वर तेरीज आणि खाली 'ॲडजस्टमेंट्स'ची यादी : शिल्लक माल, थकलेला पगार, आगाऊ भरलेला विमा, घसारा. पोरं त्या यादीलाच घाबरायची. सर एकच नियम घोकून घ्यायचे. प्रत्येक ॲडजस्टमेंट दोन ठिकाणी लिहायची. थकलेला पगार नफा-तोटा पत्रकात खर्चात वाढवायचा आणि ताळेबंदात देणं म्हणून दाखवायचा. एकाच ठिकाणी लिहिलात तर ताळेबंद जुळणार नाही.

पुढं बँकेत हेच बघितलं. कॉम्प्युटर यायच्या आधी ३१ मार्चला लेजर जुळवायला रात्र रात्र बसायचो. फरक पन्नास पैशांचा असला तरी शोधायचा. फरकाला ९ नं भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत का बघायचं, म्हणजे ५४ चे ४५. फरकाच्या निम्मी रक्कम कुठं सापडली तर ती उलट्या बाजूला गेलीय का बघायचं. एखादा नवा पोरगा कंटाळून म्हणायचा, "साहेब, माझ्या खिशातले घाला, ॲडजस्ट करून टाकू." आमचे हेडक्लार्क त्याला खाली बसवायचे. पन्नास पैशांच्या मागं पाच हजारांची चूक लपलेली असू शकते, हे त्यांना माहीत होतं.

आता घरात या. लग्नाच्या बाजारात 'मुलगी शिकलेली, नोकरीची आणि ॲडजस्ट करणारी हवी' असं किती वेळा ऐकलंय? मुलाच्या बायोडाटात 'ॲडजस्ट करणारा' असं लिहिलेलं मी तरी आजवर बघितलेलं नाही. माझ्या भाचीच्या बघण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांतल्या एका काकांनी विचारलं, "मुलगी ॲडजस्ट करून घेईल न्हवं?" आमची आक्का चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "करंल की. पण तुमच्याकडनं कोण करणार, तेबी सांगा." बैठकीत शांतता! स्थळ जमलं नाही. आक्काला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही, आणि मलाही.

म्हातारपणी पाळी आपल्यावर येते. पोरं पुण्याला, बेंगळूरला. आपण तिकडं गेलो की जेवणाची वेळ, टीव्हीचा आवाज, झोपायची खोली, सगळं आपण ॲडजस्ट करायचं. पोरं वाईट नाहीत हो. पण दुसऱ्या बाजूची नोंद कुणी विचारतच नाही.

निपाणीच्या तंबाखूवाल्यांना हा शब्द वेगळा सांगायला नको. माल घालायचा, वजनात कडता धरायचा, भाव नंतर कळणार, आणि पैशाचं विचारलं की 'पुढच्या हंगामात ॲडजस्ट करू'. हे उत्तर आमच्या घरानंही एका व्यापाऱ्याकडून ऐकलंय. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, तेव्हा गोळीबार झाला, माणसं गेली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूनं ॲडजस्ट करायला लावलं की माणूस शेवटी रस्त्यावर येतो.

आणि सीमाप्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं असं सुचवलं. महाराष्ट्रानं ते नाकारलं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या दिवशी राज्यांच्या सीमा बदलल्या त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली. तिनं घटनेत ३५० अ आणि ३५० ब ही कलमं घातली : अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असावा. पुढं असंही ठरलं की जिथं एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही निघाव्यात. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी दोन्ही नोंदी केल्या होत्या. एक अमलात आली. दुसरी मागायला गेलं की टेबलापलीकडून उत्तर येतं, "ॲडजस्ट माड्री."

मला कानडी बोलता येतं, वाचता येतं. बँकेत ग्राहकांसाठी शिकलो, त्याचं कधी ओझं वाटलं नाही. पण आमच्या गल्लीतली सत्तरीची काकू एका कचेरीतून फक्त कानडीतला कागद घेऊन माझ्याकडं येते आणि विचारते, "भावजी, ह्यात माझं घर माझ्याच नावावर हाय न्हवं?" तेव्हा ते ॲडजस्ट करणं भाषेपुरतं उरत नाही, तिच्या घरापर्यंत जातं. आणि हा न्याय दोन्हीकडं लागू आहे. सोलापूर, अक्कलकोट, जतकडच्या कानडी माणसालाही महाराष्ट्रात हेच मिळालं पाहिजे. ते मागताना आपण गप्प बसलो तर आपलाही ताळेबंद जुळणार नाही.

इंग्रजीत हा शब्द आला 'जवळ आणणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून. पुढं त्याची सांगड 'जस्ट', म्हणजे रास्त, या शब्दाशी घातली गेली. आपल्याकडं येईपर्यंत त्यातलं रास्त तेवढं गळालं.

मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द होते. बसमध्ये सरकायचं. दोघांनी थोडं थोडं सोडलं तर तडजोड. एकमेकांचा स्वभाव ओळखून राहिलं तर जुळवून घेणं. बँकेनं ठेवीतून कर्ज फेडून घेतलं तर वळतं करून घेणं. आणि एकट्यानंच सहन करायचं तर सोसणं. हे शब्द वापरले की कोण काय देतंय ते लगेच कळतं. 'सुनेनं सोसावं' असं चारचौघांत म्हणायला जीभ रेटत नाही, 'सुनेनं ॲडजस्ट करावं' म्हणायला काहीच वाटत नाही. लबाडी आहे ती इथं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पुढच्यावेळी कुणी ॲडजस्ट करा म्हणालं तर बसमध्ये खुशाल सरका. घरात, बाजारात, कचेरीत मात्र शांतपणे विचारा, "करतो की. दुसरी नोंद कुठं लिहिली ते दाखवा." आणि सुनेला, पोराला, म्हाताऱ्याला आपण स्वतः हा शब्द वापरणार असू, तर आपली नोंद आधी करून ठेवा.